फोन सायलेंटवर होता, तरी वाजला: न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधलं एक प्रकरण

१० जानेवारी २०१२, मंगळवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधला एव्हरी फिशर हॉल, ज्याला आता डेव्हिड गेफन हॉल म्हणतात. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद गुस्ताव मालर या संगीतकाराची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, वाजवत होता आणि संचालन अ‍ॅलन गिल्बर्ट करत होते. जवळपास ऐंशी मिनिटांची रचना शेवटच्या भागात आली होती, संपायला थोडीच मिनिटं उरली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आयफोनची मरिम्बा धून सुरू झाली. ती थांबेचना. शेवटी गिल्बर्टनी अख्खा वाद्यवृंद थांबवला.

मैफल आणि मोबाइल हा विषय निघाला की हे प्रकरण हटकून सांगितलं जातं, आणि ते बेशिस्तीचा नमुना म्हणून. ‘पहिल्या रांगेत बसायचं, आणि फोन बंद करायची अक्कल नाही!’ मी हे प्रकरण निवडलं ते नेमक्या उलट कारणासाठी. ज्याचा फोन वाजला त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितलेलं सगळं केलं होतं. त्यामुळे मोबाइलवर आज सुचवले जाणारे उपाय घासून बघायला हे प्रकरण फार चांगलं आहे. ते बहुतेक सगळे इथे तोंडावर आपटतात.

आधी फोन कुठल्या जागी वाजला ते बघू.

मालर १९०९ ते १९११ या काळात याच वाद्यवृंदाचा संचालक होता. नववी सिंफनी त्याने १९०९-१०मध्ये लिहिली. १९११च्या मे महिन्यात तो गेला. ही सिंफनी त्याने स्वतः कधी ऐकलीच नाही. पहिला प्रयोग जून १९१२मध्ये व्हिएन्नात झाला, ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली. म्हणजे त्या रात्री हा वाद्यवृंद आपल्याच जुन्या संचालकाची, त्याने न ऐकलेली रचना वाजवत होता. (आपल्याकडच्या वाचकांना या वाद्यवृंदाचं नाव बहुधा झुबीन मेहतांमुळे माहीत असतं. मुंबईत जन्मलेले मेहता १९७८ ते १९९१ तिथे संगीत संचालक होते.)

या सिंफनीचा शेवट मोठ्या गजरात होत नाही. पितळी वाद्यं, ढोल, बासऱ्या एकेक करून गप्प होतात आणि उरतात फक्त तंतुवाद्यं, तीही घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारी चिमटी, चढवून. शेवटचं पान अत्यंत संथ आहे. दोन सुरांमधली जागा हळूहळू वाढत जाते. मैफल संपल्यावर तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला तरी त्याचा षड्ज कानात राहतो, तसा काहीसा हा शेवट आहे: कुठल्या क्षणी थांबलं ते नीट सांगता येत नाही. संचालक क्लाउदिओ अबादो यांनी २०१०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला ही सिंफनी वाजवली, तेव्हा शेवटच्या सुरानंतर सुमारे दोन मिनिटं सभागृहात कोणी टाळी वाजवली नव्हती. ऐकणाऱ्यांच्या लेखी ती शांतता रचनेचाच भाग असते. फोनला वाजायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. हीच धून पहिल्या भागातल्या गडगडाटात वाजली असती, तर शेजारच्या दोन खुर्च्यांपलीकडे कुणाला पत्ताही लागला नसता.

आता त्या संध्याकाळचा क्रम.

धून सुरू झाली. गिल्बर्ट वाजवून घेत राहिले. नेहमीचा अनुभव असा की फोन चार-सहा वेळा वाजतो आणि मालक गडबडीने त्याचा गळा दाबतो. इथे तसं झालं नाही. गिल्बर्ट आवाजाच्या दिशेने बघू लागले. तरीही धून चालूच. मग त्यांनी हात खाली केले आणि वाद्यवृंद थांबला. आता हॉलमध्ये फक्त मरिम्बा. गिल्बर्टनी वळून फोन बंद करायला सांगितलं आणि आपण थांबतो, असंही म्हटलं. लोक ओरडायला लागले. कुणी ‘हजार डॉलर दंड करा’ म्हणालं, कुणी ‘बाहेर काढा’. काही वेळाने धून बंद पडली. परत वाजणार नाही ना, असं गिल्बर्टनी त्या माणसाला विचारलं. त्याने मान हलवली. मग गिल्बर्टनी प्रेक्षकांची माफी मागितली. अशा वेळी शक्यतो दुर्लक्षच करावं, कारण थांबण्यानेच जास्त रसभंग होतो, पण हा प्रकार दुर्लक्ष करण्याच्या पलीकडचा होता, अशा अर्थाचं ते बोलले. टाळ्या पडल्या. वाद्यवृंदाने जरा मागून, आवाज चढलेला असतो अशा जागेपासून परत सुरुवात केली आणि सिंफनी पूर्ण केली.

गिल्बर्टच्या निर्णयाबद्दल तेव्हा दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. माझ्या मते तो बरोबर होता, आणि मागून सुरुवात करणं ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. जिथे तुटलं तिथूनच, त्या बारीक सुरावरून पुढे गेले असते, तर श्रोत्यांचे कान फोनच्याच आवाजावर अडकून राहिले असते. आधीच्या चढाकडे गेल्यामुळे सगळ्यांना ती उतरण परत चालायला मिळाली. गिल्बर्ट न्यूयॉर्कचेच. आई-वडील दोघंही याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे आणि आई तर त्या वेळीही वाद्यवृंदात होती. या हॉलचा आणि इथल्या प्रेक्षकांचा स्वभाव त्यांना परका नव्हता. त्यामुळे त्यांचा आवाज चढला नाही, त्यांनी हातातली काठी आपटली नाही. थांबले, विचारलं, खात्री केली, माफी मागितली, पुढे गेले.

दुसरा मार्ग विनोदाचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ. स्लोव्हाकियातला व्हायोलावादक लुकाश क्मित २०११मध्ये प्रेशोवच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एकटा वाजवत असताना नोकियाची धून वाजली. त्याने थांबून तीच धून व्हायोलावर उचलली आणि तिच्यात थोडी भर घालून वाजवली. त्याची चित्रफीत योगायोगाने २०१२च्या त्याच जानेवारीत जगभर फिरली. त्यातली गंमत अशी की नोकियाची धून मुळात फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या वॉल्ट्झमधली. म्हणजे क्मितने एका अर्थी ती परत तिच्या घरी नेली. पण हे एकट्या कलाकाराला जमतं. आपल्या गवयांनाही जमतं. वाजलेल्या फोनवर कोपरखळी मारून समेवर येणारे गायक आपण पाहिलेले आहेत. शंभरेक वादक समोर कागद ठेवून बसलेले असतात तेव्हा ही सोय नसते. आणि मालरच्या त्या पानावर विनोद केलाच असता, तर तो फोनपेक्षा वाईट ठरला असता.

आता मुख्य पात्र. न्यूयॉर्क टाइम्सने दोन दिवसांनी त्या माणसाशी बोलून बातमी दिली. नाव छापलं नाही, फक्त ‘पेट्रन एक्स’ म्हटलं. साठ ते सत्तरच्या दरम्यानचे उद्योजक, वीस वर्षं फिलहार्मोनिकचे वर्गणीदार, आणि मैफलीत शेजारी खोकला, कुजबुजला की स्वतःच वैतागणारे. आदल्या दिवशी कंपनीने त्यांचा ब्लॅकबेरी बदलून आयफोन दिला होता. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्यांनी तो सायलेंट केला. त्यात कसा कोण जाणे अलार्म लागलेला होता. फोनमध्ये अलार्म असतो हेच आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं.

आपला फोन वाजतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. जुना फोन असता तर स्वतःची धून ओळखू आली असती. इथे फोन एका दिवसाचा आणि मरिम्बा ही त्या काळी आयफोनवर आधीच लावून दिलेली धून, निम्म्या शहराच्या खिशात असलेली. शिवाय आपला फोन सायलेंटवर आहे ही पक्की खात्री. त्यामुळे इतरांसारखेच तेही मनात त्या दुसऱ्या कुणावर तरी चिडलेले असणार. गिल्बर्ट आपल्याच दिशेने बघतायत म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूच्यांसारखा आपलाही फोन काढून बटणं दाबून बघितली. आणि आवाज थांबला. घरी जाताना गाडीत पत्नीने फोनच्या सेटिंग्ज तपासल्या, तेव्हा अलार्म सापडला.

ते दोन रात्री झोपले नाहीत. आसनक्रमांकावरून फिलहार्मोनिकला ते कोण आहेत हे कळलंच होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्याचा फोन आला, परत असं होऊ देऊ नका असं सौम्यपणे सांगणारा. त्यांनी गिल्बर्टची माफी मागायची इच्छा व्यक्त केली. दोघांचं फोनवर बोलणं झालं आणि गिल्बर्टनी माफी मनापासून स्वीकारली. ‘बाहेर काढा’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बातमी वाचली असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पुढचा वाद संगीतवाल्यांमध्ये नाही, तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांमध्ये रंगला. आयफोनच्या डाव्या कडेला एक छोटी खुंटी असायची. ती सरकवली की कॉलची घंटी आणि नोटिफिकेशनचे आवाज बंद होत, पण मुद्दाम लावलेला अलार्म वाजायचा. आजही सायलेंट मोड असाच वागतो. अँडी इनाटको यांचं म्हणणं, खुंटी सरकवली म्हणजे फोनने तोंड उघडता कामा नये, अपवाद नको. जॉन ग्रुबर यांचं म्हणणं, असं केलं तर रात्री फोन सायलेंट करून झोपणाऱ्यांचे अलार्म वाजणार नाहीत, आणि मैफलीत वाजणाऱ्या एका फोनमागे कितीतरी जण सकाळी झोपून राहतील. मला ग्रुबर पटतात. सायलेंट म्हणजे ‘बाहेरच्याने मला हाक मारू नये’, एवढंच फोनला कळतं. ‘मीच तुला सांगून ठेवलंय ते विसर’ असा त्याचा अर्थ फोन लावत नाही, आणि लावूही नये. फक्त ही गोष्ट सभागृह चालवणाऱ्यांना माहीत असायला हवी.

याच फरकामुळे तो आवाज थांबत नव्हता. कॉल कुणी घेतला नाही तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास आपोआप बंद पडतो. अलार्मचं कामच मुळी माणूस उठेपर्यंत वाजत राहणं. गिल्बर्ट सुरुवातीला कॉलच्या हिशेबाने थांबले, आणि तो अंदाज चुकला.

आता उपायांकडे.

पहिला उपाय घोषणेचा. आपल्याकडे तिसऱ्या घंटेआधी ध्वनिक्षेपकावर जे सांगतात ते सगळ्यांना तोंडपाठ आहे: कृपया आपले मोबाइल बंद करावेत अथवा सायलेंट मोडवर ठेवावेत. यातला ‘अथवा’ घातकी आहे. न्यूयॉर्कच्या त्या गृहस्थांनी या घोषणेतला दुसरा पर्याय तंतोतंत पाळला असता आणि तरी तेच झालं असतं. शिवाय ‘व्हायब्रेट’ हा पर्याय काही ठिकाणी अजून देतात. लाकडी खुर्चीच्या हातावर ठेवलेला फोन थरथरला की तीन रांगांना ऐकू जातं.

दुसरा दंड. हजार डॉलरची मागणी करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावं, की न्यूयॉर्क शहरात असा दंड आधीपासून होता. २००३मध्ये नगर परिषदेने नाटक, मैफल, चित्रपट चालू असताना मोबाइल वापरण्यावर बंदी घातली. दंड ५० डॉलर. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला होता, तो परिषदेने मोडून काढला. अंमलबजावणी कशी करणार, हा विरोधकांचा आक्षेप होता. नऊ वर्षांनी मालरच्या शेवटच्या पानावर हा कायदा कुणाच्या आठवणीतही नव्हता. आणि ज्याला आपण काही चूक करतोय हेच माहीत नाही, त्याला दंडाचा धाक कसला?

तिसरा जॅमर. हा आपल्याकडचा लाडका उपाय. २०१९च्या जुलैमध्ये सुबोध भावे यांनी वैतागून फेसबुकवर लिहिलं, की वारंवार विनंती करूनही नाटक चालू असताना मोबाइल वाजत असतील, तर आपण नाटकात काम न करणंच बरं. त्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली, आणि नाट्यगृहांत जॅमर बसवा, ही मागणी मुंबई महापालिकेपर्यंत पोचली. वैताग शंभर टक्के रास्त. पण जॅमर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बसवता येत नाही, आणि तो नाट्यगृहाची भिंत बघून थांबत नाही. शेजारच्या दवाखान्यातले फोनही बंद पडणार. सगळ्यात मोठी गोष्ट: जॅमर नेटवर्क तोडतो. अलार्मला नेटवर्क लागतच नाही. चित्रीकरणालाही लागत नाही. म्हणजे जॅमर लावलेल्या हॉलमध्ये ती मरिम्बा अगदी तशीच वाजली असती.

चौथा उपाय कुलूपबंद पिशवीचा. २०१४मध्ये सुरू झालेली योंडर ही अमेरिकन कंपनी प्रेक्षकाचा फोन एका पिशवीत घालून चुंबकी कुलूप लावते. पिशवी प्रेक्षकाकडेच राहते, पण उघडायची तर बाहेरच्या दालनात जावं लागतं. विनोदी कलाकार डेव्ह शॅपेल, गायक जॅक व्हाइट, बॉब डिलन यांनी ही पद्धत वापरली. हॉलभर उजळलेले पडदे नकोत आणि चोरटं चित्रीकरण नको, यासाठी पिशवी चांगली. पण आपल्या प्रकरणावर लावून बघा. अलार्म पिशवीत वाजणार, कापडातून थोडा दबून का होईना ऐकू येणार, आणि मालकाला तो बंदच करता येणार नाही. पहिल्या रांगेतून उठायचं, वाजती पिशवी पोटाशी धरून अख्खा हॉल ओलांडायचा, आणि मागे वाद्यवृंद थांबलेला. बटणं दाबून बघायची जी संधी त्या गृहस्थांना मिळाली, तीही गेली असती.

चित्रीकरणाचा त्रास हा निराळा आजार आहे आणि त्याची औषधंही निराळी. पियानोवादक क्रिस्तियान झिमरमान २०१३च्या जूनमध्ये जर्मनीतल्या एसेनला, प्रेक्षकांतला एक जण फोनवर चित्रीकरण करतोय म्हणून मध्येच उठून गेले. परत येऊन त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला, पण यूट्यूबमुळे संगीताचं होणारं नुकसानही बोलून दाखवलं: ध्वनिमुद्रणाचे प्रस्ताव, ‘हे तर यूट्यूबवर आहेच’ म्हणून परत आल्याचा त्यांचा अनुभव होता. २०२४च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला त्याहून विचित्र झालं. गायक इयन बॉस्ट्रिज यांनी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची ‘ले इल्युमिनासिओं’ ही गीतमालिका गाताना मध्येच थांबून प्रेक्षकांना फोन खाली ठेवायला सांगितलं. नंतर त्यांना कळलं, की फोटो आणि छोट्या चित्रफिती काढायला तिथल्या वाद्यवृंदानेच मुभा दिली होती. तिथे प्रेक्षक नियम पाळत होते आणि नियम गायकापर्यंत पोचलेला नव्हता. हेतू असलेला फोन आणि हेतू नसलेला फोन यांना एकाच काठीने हाणण्यात अर्थ नाही.

न्यूयॉर्कच्या प्रकरणात कामी आली असती ती एकच गोष्ट: फोन पूर्ण बंद करणं. आयफोन पूर्ण बंद असला की त्याचा अलार्म वाजत नाही. पण यालाही पाचर आहे. जुने नोकिया बंद असले तरी अलार्मच्या वेळेला जागे होऊन वाजायचे, आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये आजही ही सोय असते. अँड्रॉइडच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही अलार्मला सहसा मोकळीक असते, ती काढून घ्यायची तर सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. तेव्हा संगीत मंडळं, महोत्सव आणि नाट्यगृहांनी घोषणा बदलावी, खर्च शून्य आहे. ‘अथवा’ काढून टाकावा आणि त्याच्या जागी असं काही म्हणावं: ‘या दोन तासांत लागणारा अलार्म असेल तर तो आधी काढा. रात्रीच्या गोळीचा, गाडीचा, कुकरचा, कसलाही. मग फोन पूर्ण बंद करा. आम्ही अर्धं मिनिट थांबतो.’ आणि खरोखर अर्धं मिनिट थांबावं, दिवे चालू ठेवून. आत्ता होतं असं, की घोषणेच्या शेवटच्या शब्दासोबत अंधार होतो आणि ज्येष्ठ नागरिक त्या अंधारात चष्मा शोधत बसतात.

अर्ध्या मिनिटाचं आणखी एक कारण. नवा फोन घेतलेल्या माणसाला, आणि मुलाने घेऊन दिलेल्या फोनवर निभावणाऱ्या आजी-आजोबांना, शेजाऱ्याला ‘जरा हे बंद करून देता का’ असं विचारायला तेवढा वेळ लागतो. न्यूयॉर्कला ज्या पत्नीने गाडीत अलार्म शोधून काढला, ती कार्यक्रमाआधीही तो शोधू शकली असती.

राहता राहिले, फोन बंद ठेवणं खरोखरच शक्य नसलेले: ड्यूटीवरचे डॉक्टर, घरी आजारी माणूस असलेले. मोबाइल यायच्या आधी डॉक्टर तिकीट खिडकीवर आपला आसनक्रमांक सांगून आत जायचे आणि निरोप आला की डोअरकीपर वाकत वाकत येऊन खांद्याला हात लावायचा. आज त्याच खिडकीवर फोनच ठेवता येईल, आसनक्रमांकाची चिठ्ठी चिकटवून. त्यासाठी आयोजकांना तिथे एक भरवशाचा माणूस कार्यक्रम संपेपर्यंत बसवावा लागेल.